चौकाची मोजदाद
(आकाशवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, हैदराबादच्या बेगम बाजाराची ज्यांना माहिती आहे त्यांना तेथील सकाळचे वर्णन करून सांगावयास नको. भांड्यांची, सुक्या मेव्याची, किराण्याची आणि मसाल्यांची घाऊक दुकाने, दारात उभे असलेले टेम्पो, पाठीवर पोती घेऊन वाकून चालणारे हमाल, आणि या सर्वांतून वाट काढणाऱ्या दुचाक्या व रिक्षा. निजाम अली खान याच्या हमदा बेगम या पत्नीने ही जागा व्यापाऱ्यांना दिली व म्हणून तिला बेगम बाजार हे नाव पडले, असे सांगतात. 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानाशी व राज्याशी जोडलेला होता. त्यामुळे नांदेड-परभणीकडील कित्येक कुटुंबांत लग्नाची भांडी याच बाजारातून येत असत. ज्या काळी ही गल्ली आखली गेली त्या काळी तिला बैलगाडी आणि पालखी एवढ्यांचाच भार सोसावयाचा होता. आज तोच रस्ता आहे, परंतु भार मात्र शतपट झाला आहे.

या बाजारातून बाहेर पडणारा माणूस एकतर अफझलगंजकडे, मुसी नदीच्या दिशेने जातो, नाहीतर मोअज्जमजाही मार्केटच्या चौकाकडे निघतो. 1935 साली उभी राहिलेली ती दगडी वास्तू आणि तिच्या समोर एकत्र येणारे अनेक रस्ते हे या शहराचे एक हृदयच आहे. अशा चौकात रहदारी तुंबली की आपण लगेच निदान करून मोकळे होतो. कोणी म्हणतो, “रस्ता अरुंद आहे.” कोणी म्हणतो, “हातगाड्या हटवा.” कोणी म्हणतो, “मधले सर्कल पाडून सिग्नल बसवा.” औषध प्रत्येकाजवळ तयार असते, नाडी मात्र कोणी पाहिलेली नसते. चौकाची ही नाडी पाहतात कशी, म्हणजे त्यातून तासाला किती वाहने जातात व किती जाऊ शकतील हे ठरवितात कसे, याविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

मधोमध एखादे बेट आणि त्याभोवती एकाच दिशेने फिरणारी रहदारी, ही कल्पना फार जुनी नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबस सर्कलला 1905 साली आणि पॅरिसच्या विजयकमानीभोवती 1907 साली वाहनांना असा एकदिशा फेरा लावण्यात आला. आपल्याकडे मात्र चौकाच्या मध्यभागी काहीतरी उभारण्याची हौस त्याहून कितीतरी जुनी आहे. 1591 चा चारमिनार हा मुळातच चार रस्त्यांच्या मिलनबिंदूवर उभा आहे, आणि त्याच्या उत्तरेस चार कमानींच्या मध्यभागी गुलजार हौज आहे. एके काळी मोटारी व बसगाड्या चारमिनारला वळसा घालूनच जात. पुढे पादचाऱ्यांसाठी आखलेल्या योजनेमुळे त्या दूर ठेवण्यात आल्या. मुंबईकर श्रोत्यांना माटुंग्याचे किंग्ज सर्कल, म्हणजे आजचे महेश्वरी उद्यान, आणि दादरचे खोदादाद सर्कल आठवेल.

सर्कलचा गुण असा की त्यात कोणालाही फार वेळ थांबावे लागत नाही, निदान लागू नये. सिग्नलच्या चौकात एक बाजू चालते तेव्हा बाकीच्या बाजू उभ्या राहतात. सर्कलमध्ये सगळे हळूहळू पण सतत सरकत राहतात. शिवाय समोरासमोर टक्कर होण्याचा प्रसंग टळतो, कारण सर्वजण एकाच दिशेने फिरत असतात. परंतु या गुणाला मर्यादा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने 1976 साली अशा चौकांसाठी जी मार्गदर्शिका काढली तिच्यात एक ढोबळ प्रमाण दिले होते: सर्व बाजू मिळून तासाला सुमारे 3000 वाहनांपर्यंत सर्कल चांगले काम देते, 500 पेक्षा कमी वाहने असतील तर ते बांधण्याचे कारण नाही. उजवीकडे वळणारी रहदारी जेथे बरीच, म्हणजे 30 टक्क्यांहून अधिक असते, तेथे सर्कल विशेष उपयोगी पडते.

आता पहिला प्रश्न येतो तो वाहने मोजावयाची कशी हा. काम सोपे वाटते, पण रिक्षा आणि लॉरी यांना सारखेच मोजणे म्हणजे चिंच आणि फणस एकाच टोपलीत नगावर मोजण्यासारखे होईल. म्हणून प्रत्येक वाहनाचे मोल मोटारीच्या हिशेबात धरतात. त्या 1976 च्या मार्गदर्शिकेत मोटार व तीनचाकी यांचे मोल 1, बस किंवा जड लॉरीचे 2.8, मोटारसायकल-स्कूटरचे 0.75 आणि सायकलचे 0.5 असे धरले आहे. बैलगाडीचे मोल तर 4 ते 6! समजा, पाव तासात एका रस्त्याने 100 दुचाक्या, 40 मोटारी व रिक्षा, 10 लॉऱ्या आणि 20 सायकली चौकात आल्या. डोकी मोजली तर ती 170 वाहने झाली. मोटारींच्या हिशेबात मात्र 75 अधिक 40 अधिक 28 अधिक 10, म्हणजे 153 एकके भरली. हिशेब शाळेतल्या मुलाला जमण्याजोगा आहे, आणि तो मुलांकडून करवून घ्यावा असेही मला एक शिक्षक या नात्याने वाटते. त्रैराशिकाचा उपयोग काय, असे विचारणाऱ्या मुलाला चौकात उभे करावे. तो पुन्हा विचारणार नाही.

मोजणी पाव-पाव तासांनी करतात, त्यालाही कारण आहे. समजा, एका तासाच्या चार पावांत अनुक्रमे 200, 240, 320 आणि 240 एकके आली. बेरीज 1000 झाली. आता कोणी म्हणेल की तासाला हजारांची सोय केली की झाले. पण तिसऱ्या पाव तासात रहदारीचा वेग तासाला 1280 इतका होता. हजाराची सोय असलेला चौक नेमका त्याच वेळी तुंबेल, आणि एकदा तुंबलेला चौक मोकळा व्हावयास पुढचा बराच वेळ घेईल. दिवसाच्या सरासरीवर समाधान मानणे म्हणजे नदीची सरासरी खोली गुडघाभर आहे एवढे ऐकून पोहता न येणाऱ्याने पात्रात उतरण्यासारखे आहे.

दुसरा प्रश्न असा की कोण कोठून येतो आणि कोठे जातो? सर्कलमध्ये खरी अडचण दोन रस्त्यांच्या मधल्या टप्प्यावर होते. तेथे चार प्रकारचे लोक एकत्र येतात. काही जण नुकतेच आत येऊन लगेच पुढच्याच रस्त्याने डावीकडे बाहेर पडणार असतात. काही जण आत येऊन पुढे फिरत जाणार असतात. काही जण आधीपासून फिरत आलेले असतात आणि आता बाहेर पडणार असतात. आणि काही जण आधीपासूनच आत असून पुढेही फिरतच राहणार असतात. यांपैकी पहिल्या आणि चौथ्या प्रकारच्या लोकांचा कोणाला त्रास नाही. ते आपापल्या कडेने जातात. परंतु दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारच्या लोकांना एकमेकांची वाट ओलांडावीच लागते, वेणीच्या पेडांप्रमाणे. समजा, या चार प्रकारांची तासाची एकके 350, 850, 725 आणि 175 आहेत. एकूण 2100 झाली. त्यांत पेड ओलांडणारी 850 अधिक 725, म्हणजे 1575. म्हणजेच एकूण रहदारीचा पाऊण हिस्सा. हे प्रमाण जितके मोठे तितकी चौकाची ताकद कमी.

ही ताकद काढण्याचे एक सूत्र इंग्लंडमधील वॉर्ड्रॉप या संशोधकाने 1957 च्या सुमारास बसविले. आपल्या मार्गदर्शिकेने तेच सूत्र येथील रहदारी ध्यानी घेऊन थोडा हात आखडून घेतले. ते शब्दांत असे सांगता येईल: वेणीच्या त्या टप्प्याची रुंदी मीटरमध्ये घ्यावी आणि तिला 280 ने गुणावे. मग तीन दुरुस्त्या कराव्यात. प्रवेशाची रुंदी टप्प्याच्या रुंदीशी जितकी जवळची तितकी ताकद वाढते. पेड ओलांडणाऱ्यांचे प्रमाण वाढले की ताकद घटते. त्या प्रमाणाचा एक तृतीयांश भाग एकातून वजा होतो. आणि टप्पा रुंदीच्या मानाने आखूड असेल तर ताकद आणखी घटते, कारण वाट ओलांडावयास लांबीच उरत नाही.

उदाहरण घेऊ. टप्पा 9 मीटर रुंद आणि 30 मीटर लांब आहे, प्रवेशाची रुंदी 5.5 मीटर आहे, आणि पेड ओलांडणारे पाऊण हिस्सा आहेत. सूत्राप्रमाणे या टप्प्याची ताकद तासाला सुमारे 2340 एकके येते. आपली रहदारी 2100 होती. म्हणजे चौक दमलेला असला तरी चालता आहे.

आता त्या टप्प्याच्या कडेला, प्रवेशाच्या तोंडापासूनच, माल उतरविण्यासाठी टेम्पो उभे राहिले असे समजा. टेम्पोची रुंदी दोन मीटरांच्या आसपास धरू. टप्पा 9 चा 7 मीटर झाला आणि प्रवेश 5.5 चा 3.5 मीटर झाला. पुन्हा सूत्र लावा. ताकद उतरून सुमारे 1790 वर येते, म्हणजे साडेपाचशेने कमी. रहदारी मात्र तीच, 2100. तासाला 310 एकके आत येऊच शकत नाहीत. ती मागे उभी राहतात. एका मोटारीला पुढच्या-मागच्या अंतरासह 6 मीटर जागा धरली तर तासाभरात एकेरी रांगेची लांबी 1860 मीटर होईल. दोन मीटरांच्या अडथळ्यामागे जवळजवळ दोन किलोमीटरांची रांग!

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात येते, आणि माझ्या मते आजच्या भाषणातील ती सर्वांत महत्त्वाची आहे. बाजारातील कोंडीचा दोष आपण सहसा हातगाडीवाल्याच्या माथी मारतो. तो हळू चालतो, तो दिसतो, आणि तो उलट उत्तर देत नाही. शहरी रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसने 1990 साली दिलेल्या कोष्टकात हातगाडीचे मोल, तिची संख्या मोठी असल्यास, 3 धरले आहे. पाव तासाला 12 हातगाड्या धरल्या तर तासाला 48 झाल्या आणि त्यांचा भार 144 एककांचा झाला. कडेला उभ्या राहिलेल्या टेम्पोंनी मात्र साडेपाचशे एककांची ताकद खाल्ली, म्हणजे जवळजवळ चौपट. घाम गाळीत चालणारा माणूस चौकाला जितका अडवितो त्याहून कितीतरी अधिक चालक नसलेले, उभे वाहन अडविते. चालणाऱ्याला हाकलावे आणि उभ्याला क्षमा करावी, हा न्याय आकड्यांना तरी मान्य नाही.

तिसरा प्रश्न शिस्तीचा. सर्कलमध्ये आधी जावयाचे कोणी? आत फिरणाऱ्याने की बाहेरून येणाऱ्याने? हा शिष्टाचाराचा प्रश्न वाटतो, पण चौकाचे जीवन-मरण यावरच अवलंबून आहे. बाहेरून येणारा जर घुसत राहिला आणि आतला त्याच्यासाठी थांबला, तर आतल्याच्या मागचा थांबतो, त्याच्या मागचा थांबतो, आणि ही रांग वर्तुळात फिरत फिरत पहिल्याच्याच पाठीशी येऊन टेकते. सापाने आपलीच शेपटी गिळावी तसे होते. मग कोणालाही बाहेर पडता येत नाही, कारण बाहेर पडण्याची वाट ज्याने अडविली आहे त्याची वाट दुसऱ्या कोणीतरी अडविलेली असते. इंग्लंडातील सर्कले अशीच जखडत असत. फ्रँक ब्लॅकमोर या अभियंत्याच्या प्रयोगांनंतर नोव्हेंबर 1966 मध्ये तेथे नियम झाला की आत येणाऱ्याने उजवीकडून येणाऱ्यास, म्हणजेच आत फिरणाऱ्यास, वाट द्यावी. रस्ता एक इंचही रुंद न करता चौक मोकळे झाले. आपणही डाव्या बाजूने वाहन चालवितो, तेव्हा आपल्यालाही तोच नियम लागू पडतो: उजवीकडे पाहा, आतल्याला जाऊ द्या, मग आत शिरा.

हा नियम पाळला जातो असे गृहीत धरले की ताकद मोजण्याची दुसरी रीत हाती येते. आत फिरणाऱ्या वाहनांमध्ये ज्या फटी पडतात त्यांतून बाहेरचा आत शिरतो. समजा, शिरावयास निदान 4 सेकंदांची फट लागते, आणि फट मोठी असेल तर एकामागून एक वाहन अडीच-अडीच सेकंदांनी आत जाऊ शकते. आत कोणीच फिरत नसेल तर एका रांगेतून तासाला 1440 वाहने शिरतील. आत तासाला 600 फिरत असतील तर गणिताने सुमारे 910 शिरू शकतात. 1200 फिरत असतील तर 575. आणि 1800 फिरत असतील तर अवघी 365. म्हणजे एका रस्त्याची ताकद ही त्या रस्त्याच्या एकट्याच्या हाती नसते. शेजारच्या रस्त्यांनी आत किती वाहने सोडली आहेत यावर ती ठरते. दिल्लीच्या केंद्रीय मार्ग संशोधन संस्थेने 2017 साली सिद्ध केलेल्या भारतीय मार्गक्षमता ग्रंथात सर्कलसाठी फटींच्या याच रीतीचा आधार घेतला आहे.

गणिताच्या या दोन्ही रीतींत एक माणूस मात्र सहज हरवतो. तो म्हणजे पायी चालणारा. सिग्नलवर लाल दिवा लागला की त्याला क्षणभर तरी वाट मिळते. सर्कलमध्ये रहदारी कधी थांबतच नाही. चौकाचा जो गुण तोच त्याच्या जिवावर उठतो. रविवारी गनफाउंड्रीच्या सेंट जोसेफ कॅथेड्रलमधून मिस्सा आटोपून आम्ही अबिड्सच्या बाजूने परततो, तेव्हा पदपथावर जुन्या पुस्तकांची दुकाने मांडलेली असतात आणि रहदारीही कमी असते. तरीसुद्धा एखादी वृद्ध बाई रस्त्याच्या कडेला पाऊल पुढे टाकून पुन्हा मागे घेताना दिसते. तिची मोजणी कोणत्याही कोष्टकात होत नाही. म्हणून ओलांडण्याची जागा प्रवेशाच्या तोंडावर न ठेवता एक-दोन मोटारींच्या लांबीइतकी मागे ठेवावी, आणि येणाऱ्या व जाणाऱ्या वाहनांच्या मध्ये एक छोटे बेट ठेवावे, की जेथे तिला अर्ध्या वाटेत निर्धास्त उभे राहता येईल. मोजणी करताना पादचाऱ्यांचाही स्वतंत्र रकाना आखावा. ज्याचा रकाना नसतो त्याच्यासाठी पैसा मंजूर होत नाही, हा आपल्याकडील जुना अनुभव आहे.

हे सर्व आज सांगावयाचे कारण केवळ जिज्ञासा हे नव्हे. अफझलगंज येथे मुसीच्या काठी असलेल्या उस्मानिया रुग्णालयाच्या नव्या वास्तूची पायाभरणी 31 जानेवारी 2025 रोजी गोशामहल येथील पोलीस मैदानावर झाली. योजना दोन हजार खाटांची आहे. गोशामहल म्हणजे बेगम बाजाराचा अगदी शेजार. रहदारीचे काय होणार, ही त्या भागातील रहिवाशांची व व्यापाऱ्यांची काळजी त्या वेळी उघडपणे बोलली गेली. गोरगरिबांना मोठे रुग्णालय हवे, यात दुमत असू नये. परंतु रुग्णवाहिकेला फाटकापर्यंत पोहोचावयाचे असेल तर तिला याच चौकांतून आणि याच गल्ल्यांतून जावे लागेल. खाटेवरचा इलाज डॉक्टर करतील. त्या खाटेपर्यंतची पाच मिनिटे मात्र चौकाच्या हाती आहेत. मघाशी आपण पाहिलेली ती दोन मीटरांची जागा कोणाच्या तरी श्वासाची किंमत ठरू शकते.

मग करावे काय? प्रथम मोजावे. आठवड्यातील साधा दिवस, बाजाराचा दिवस आणि सणापूर्वीचा दिवस असे निरनिराळे दिवस घ्यावेत. प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी माणसे बसवावीत, पाव-पाव तासाचे आकडे वाहनांच्या जातीप्रमाणे लिहावेत, आणि कोण कोठे वळला तेही टिपावे. कडेला उभ्या असलेल्या वाहनांची जागा आणि वेळ नोंदवावी. मग सूत्र लावावे. रहदारी ताकदीच्या नऊ-दशांशाजवळ पोहोचलेली दिसली तर समजावे की चौक काठावर आहे. एखादा लहानसा अडथळाही त्याला पुरेसा आहे. असे दिसल्यास प्रथम स्वस्त उपाय करावेत. माल उतरविण्याच्या वेळा ठरवाव्यात, प्रवेशाच्या तोंडापासून काही अंतर वाहन उभे करण्यास बंदी असावी, आतल्याला आधी वाट देण्याचा नियम पाटी लावून व पोलीस उभा करून शिकवावा. एवढे करूनही आकडे ताकदीच्या वरच राहिले, तर सर्कलचा काळ संपला असे मानून सिग्नलचा विचार करावा. त्यात लाज वाटण्याचे कारण नाही. प्रत्येक रचनेला तिचे वय असते.

परंतु हा क्रम उलटा होता कामा नये. आधी पाडावे, मग रुंद करावे, मग पूल बांधावा आणि सरतेशेवटी मोजावे, असे झाले की पैसाही जातो आणि कोंडीही राहते. रोग्याची नाडी न पाहता दिलेले औषध लागू पडले तरी तो योगायोगच म्हणावयाचा.

श्रोतेहो, पुढच्या वेळी आपण एखाद्या चौकात अडकून पडाल तेव्हा कर्णा वाजविण्याऐवजी जरा आजूबाजूला पाहा. कोण चालत आहे आणि कोण उभा आहे, हे मोजा. बहुधा असे आढळेल की ज्याच्यावर आपण रागावलो होतो तो बिचारा चालतच होता. आणि कदाचित असेही आढळेल की वाट अडवून उभे असलेले वाहन आपल्याच ओळखीच्या दुकानासमोर, आपलाच माल उतरवीत उभे आहे.